फरशी ओली होती का

झालं त्याला मी चूक म्हणत नाही. चूक हा फार सोज्वळ शब्द आहे. भाजीत मीठ दोनदा पडलं तर ती चूक. मी जे केलं त्याला आमच्या वस्तीत दुसरा शब्द आहे, आणि तो चारचौघांत उच्चारत नाहीत.

मी अंकुश रामटेके. धंतोलीतल्या एका स्कॅन सेंटरमध्ये बावीस वर्षं सीटी स्कॅनचं मशीन चालवलं. आता तिथेच एक्स-रेच्या खोलीत असतो, ते का ते पुढे येईल. मी डॉक्टर नाही. पण इंदोऱ्यात, आमच्या गल्लीत, मला डॉक्टर म्हणतात. "जय भीम डॉक्टरसाहेब" करत माणसं मोठी मोठी पाकिटं घेऊन दारात उभी राहतात. मी त्यातली फिल्म काढून खिडकीच्या उजेडात धरतो, डोळे बारीक करतो, जरा वेळ लावतो, आणि "काही नाही, वयाचं आहे" किंवा "मेडिकल कॉलेजला दाखवून या" असं सांगतो. डोळे बारीक करायची काही गरज नसते. ते आपलं वजन पडावं म्हणून. बहुतेक वेळा माझं बरोबर निघायचं, आणि तेच माझ्या मुळावर आलं.

प्रेमिलाताई माझी मोठी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आमचं गाव कुही तालुक्यातलं, धानाचं. बाप लवकर गेला. मी शाळेत होतो तेव्हा ताई मिरचीच्या सातऱ्यावर कामाला जायची. सातरा म्हणजे मिरच्या वाळत घातलेलं मोठं मैदान. बाया दिवसभर तिथे बसून मिरच्यांचे देठ खुडतात. संध्याकाळी ती तांदळाच्या धुवणात हात बुडवून बसायची आणि मला मोठ्यानं धडा वाचायला लावायची. माझा डिप्लोमा त्या बोटांच्या आगीवर झाला. तो झाल्यावरच तिनं लग्न केलं. हे मी प्रत्येक सत्काराला माइकवरून सांगतो, आणि ती पहिल्या रांगेत बसून पदरानं तोंड झाकते.

आता ती विधवा आहे, शुगर आहे. मुलगा विक्की आणि सून पायल यांच्याबरोबर माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर राहते.

त्या मंगळवारी दुपारी दीडच्या सुमारास ती एकटीच ई-रिक्शानं सेंटरवर आली. आमची ती जेवायची वेळ. खुर्चीत बसली ती मान एका बाजूला धरूनच.

"काल सांजच्याला पोळ्या करून राहिली होती," ती म्हणाली, "अन् एकदम डोक्यात कोनं दगड हानल्यावानी झालं. उलटी झाली. तवापासून मान वाकून नाई राहिली गा."

एकदम. आमच्या धंद्यात हा शब्द साधा नाही. हळूहळू वाढलेलं डोकं दुखणं वेगळं आणि एकदम आलेलं वेगळं, हे मी नव्या पोरांना शिकवत आलो आहे. मी तो शब्द ऐकला आणि माझ्या मनात आलं, शुगरवाल्यांचं काहीतरी असतंच.

"विक्कीले नोको सांगू," ती म्हणाली. "मिहानमधली नोकरी नवी हाये त्याची. उगाच सुट्टी टाकीन."

रीत अशी असते की आधी डॉक्टरची चिठ्ठी, मग रजिस्टरला नोंद, मग स्कॅन. आणि प्रत्येक स्कॅन कामिनी मॅडम बघणार. त्या आमच्या रेडिऑलॉजिस्ट. चित्र वाचून रिपोर्ट लिहायचं काम त्यांचं. मी फक्त चित्र काढणारा. पण घरच्या माणसाला कुठे रांगेत उभं करायचं? सेंटरमध्ये असं सगळेच करत. शिपायाचा गुडघा, रिसेप्शनवालीच्या सासूची कंबर, असं बरंच काही जेवायच्या सुट्टीत उरकलेलं होतं.

मशीनला मात्र काहीतरी नाव द्यावंच लागतं. रोज सकाळी आम्ही पाण्यानं भरलेलं एक प्लास्टिकचं डबडं ठेवून मशीन नीट चालतंय की नाही ते तपासतो. त्याची नोंद 'टेस्ट' अशी होते. त्याच्याखाली मी ताईला घातलं. 'टेस्ट दोन'. वय शून्य.

तिच्या कानात सोन्याचे टॉप्स होते. डोक्याच्या स्कॅनला कानातलं काढायचं असतं, धातूमुळे चित्रात पांढऱ्या किरणांसारखी चमक येते.

"फिरकी निंगत नाई," ती म्हणाली. "दहा वर्सं झाले."

थोडा साबण लावला असता तर निघाली असती. पण माझा डबा थंड होत होता. राहू दे म्हटलं.

स्कॅनमध्ये हाड पांढरं दिसतं, ताजं रक्तही पांढरं दिसतं. टॉप्सची चमक होतीच, कानांच्या पातळीवर दोन्हीकडून आडवीतिडवी. आणि उजव्या बाजूला, मेंदूची जी मोठी घडी असते, तिच्यात एक बारीक पांढरी रेघ होती. मला ती दिसलीच नाही असं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. मला ती दिसली. मी खुर्ची पुढे ओढून पाहिली. आणि स्वतःलाच म्हटलं, टॉप्सची चमक आहे.

कामिनी मॅडम बाजूच्या खोलीत चहा पीत होत्या. दहा पावलांवर. दाखवलं असतं तर त्यांचा पहिला प्रश्न असता, पेशंट कोण आणि नोंद कुठे. आणि दुसरं एक कारण होतं, ते सांगायला जास्त जड जातं. बाहेर ताई बसली होती आणि तिला मॅडमचं नाही, माझं उत्तर हवं होतं. मला ते द्यायला आवडत होतं.

मी दार उघडून म्हणालो, "काई नाई वं ताई. मानेचा गॅस हाये."

मानेचा गॅस असा आजार जगाच्या पाठीवर कुठे नाही. बावीस वर्षं मेंदूचे फोटो काढणाऱ्या माणसाच्या तोंडून हे निघालं.

ताईचा चेहरा सैल झाला. "मले वाटलंच. तू पाह्यलं म्हनजे झालं," ती म्हणाली आणि पिशवीतून स्टीलचा डबा काढला. फुटायला आलेलं डोकं घेऊन तिनं सकाळी माझ्यासाठी कोथिंबीर भरलेल्या सांबारवड्या तळल्या होत्या. मी त्या तिथेच खाल्ल्या, चांगल्या झाल्या होत्या.

रविवारी विहारात वंदना होती. माझा आवाज मोठा, म्हणून पंचशील मीच म्हणतो आणि बाकीचे मागून म्हणतात. पाचातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. तेही मी लाउडस्पीकरवर स्पष्ट उच्चारात म्हटलं. ताई पांढरं लुगडं नेसून समोर बसली होती आणि डाव्या हातानं मान दाबत होती. बाहेर चपला घालताना म्हणाली, "गॅस काई जाऊन नाई राहिला." मी म्हटलं, ओवा खा.

सोमवारी सकाळी नऊला विक्कीचा फोन आला, "मामा, मम्मी किचनमध्ये पडली. उठून नाई राहिली."

मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा ताई स्ट्रेचरवर होती. डोक्याला मागून उजवीकडे खोक पडली होती, डोळे अर्धवट उघडे, हाक मारली की फक्त हुंकार. विक्की फॉर्म भरत होता. पायल भिंतीला टेकून उभी होती, ओढणीला रक्त लागलेलं. ती पंचविशीची पोर, पारडीच्या साध्या घरातली, लग्नाला दोन वर्षं झालेली. मला पाहून तिच्या जिवात जीव आला असावा, कारण ती चटकन पुढे आली.

आणि मी तिला विचारलं, "फरशी ओली होती का?"

हा प्रश्न कुठून आला ते मला तेव्हाच कळलं होतं. ती पांढरी रेघ स्ट्रेचर पाहताक्षणी डोळ्यांपुढे आली होती. तिच्यापासून पळायला मला एखादी वाट हवी होती, आणि ओली फरशी ही चांगली रुंद वाट होती.

पायल माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "हाव... असन. मी पुसून राहिली होती."

विक्कीनं पेन खाली ठेवलं. "किती डाव सांगितलं तुले, मम्मी किचनमध्ये असली तं पुसू नोको म्हनून?"

झालं. पाच मिनिटांत ते कागदावरही चढलं: ओल्या फरशीवर घसरून पडल्या, डोक्यास मार. तेवढ्यात शेजारच्या सिंधूताई आणि आणखी दोघी-तिघी येऊन पोचल्या होत्या. आल्या आल्या त्यांना कारण कळलं आणि आमच्याकडे कारण कळलं की माणूसही लगेच कळतो.

हॉस्पिटलात स्कॅन झाला. दुपारी मेंदूच्या सर्जन डॉ. चारुलता यांनी आम्हाला आत बोलावलं. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी कॉम्प्युटरवर चित्र लावलं. आता तिथे रेघ नव्हती, ती सगळी घडी पांढरी झाली होती.

"मेंदूत रक्त आलंय," त्या म्हणाल्या. "ते का आलं, हे मला ठरवायचंय. पडल्यामुळे मार लागून येऊ शकतं. किंवा मेंदूतली एखादी रक्तवाहिनी एका जागी फुग्यासारखी फुगलेली असते, ती फुटते, आणि म्हणून माणूस पडतो. आधी पडणं की आधी रक्त, एवढाच प्रश्न आहे. मार उजवीकडे आहे, रक्तही उजवीकडे आहे. या चित्रावरून दोन्ही शक्य आहे."

"फुगा असन तं?" विक्कीनं विचारलं.

"तर तो पुन्हा फुटू शकतो, आजही. दुसऱ्यांदा फुटला तर वाचणं कठीण असतं. फुगा शोधायला शिरेतून डाय देऊन वेगळा स्कॅन करावा लागतो. पण यांची किडनी शुगरमुळे आधीच कमजोर आहे, डायनं ती बसू शकते. संशयाला काही आधार असेल तरच मी ते करीन. म्हणून नीट आठवून सांगा. पडायच्या आधी, मागच्या आठ-दहा दिवसांत, कधी एकदम जोरात डोकं दुखलं होतं?"

पायल दारापाशी होती. ती म्हणाली, "मम्मी चार-पाच दिवसापासून बाम लावून राहिली होती."

"बाम तं ती बारा महिने लावते," विक्की म्हणाला. "तू आता विषय नोको बदलवू."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही सीटीवर काम करता ना? तुमच्यापाशी काही बोलल्या होत्या? आधीचा एखादा स्कॅन वगैरे?"

"नाही मॅडम," मी म्हणालो.

दोन शब्द. त्यांना काय अर्थ आहे हे त्या खोलीत डॉक्टरांखालोखाल मलाच कळत होतं. तरी म्हणालो. तोंडातून बाहेर पडायला त्यांना काहीच त्रास झाला नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग सध्या मार धरून चालू. नजर ठेवू. उद्या पुन्हा साधा स्कॅन करू."

तो सगळा दिवस आम्ही आयसीयूबाहेरच्या बाकांवर काढला. सिंधूताई आल्यागेल्या प्रत्येकाला सुरुवातीपासून सांगत होत्या, आणि दर वेळी फरशीवर थोडं पाणी वाढत होतं. चारच्या सुमाराला चहा आला, प्लास्टिकच्या पिशवीत, सोबत कागदी कप. सगळ्यांना मिळाला. पायल जिन्यापाशी बसली होती, तिच्यापर्यंत कोणी गेलं नाही. मग विक्की उठून तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, "तू पारडीले जाय तुह्या आईकडं. तुले पाहून माहं डोकं फिरून राहिलं."

मी तिथून सहा हातांवर होतो. मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी चहा प्यालो.

मंगळवारी सकाळी कामावर जायच्या आधी मी हॉस्पिटलात गेलो. विक्की औषधं आणायला खाली गेला होता. जिन्यापाशी पायल तशीच बसली होती. पारडीला गेलीच नव्हती. हातात रुमालाची गाठ होती, ती तिनं सोडून मला दाखवली. ताईचे टॉप्स होते.

"सिस्टर म्हने काढून द्या," ती म्हणाली. "साबन लावला अन् दोन मिनटात निंगाले."

मी रुमालाकडे बघू शकलो नाही.

"मामाजी, एक विचारू? रागावू नोका." तिनं रुमाल पुन्हा बांधला. "मम्मी पडली तवा मी फरशी पुसलीच नवती. बादली बाथरूममध्ये भरून ठेवली होती, ती तशीच होती. मले आठवते. पन तुमी विचारलं, ओली होती का. तं मले वाटलं, तुमी विचारून राहिले म्हनजे ओलीच असन. तुमाले समजते ना सारं. आता मी किती आठवून पाह्यते, कधी बादली भरलेली दिसते, कधी फरशी ओली दिसते. मले खरं का हाये तेच समजून नाई राहिलं."

मला खूप लाज वाटली. साध्या भाषेत एवढंच म्हणता येतं. त्या पोरीसमोर उभं राहवेना. आठ दिवसांत मी दोन बायकांना त्यांचं स्वतःचं खरं विसरायला लावलं होतं. एकीला डोक्यात दगड बसल्याचं, दुसरीला फरशी कोरडी असल्याचं. दोघींनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, दुसरं काही केलं नव्हतं.

"आलोच," एवढं म्हणून मी गाडी काढली.

आमचं मशीन आठ दिवसांची चित्रं आपल्यापाशी ठेवतं, मग जुनी आपोआप पुसतं. 'टेस्ट दोन' दुसऱ्या दिवशी पुसलं जाणार होतं. नोंद नाही, कागद नाही, साक्षीदार बेशुद्ध. मी काही संतमाणूस नाही. सीताबर्डीच्या सिग्नलपर्यंत माझ्या डोक्यात हेच होतं की एक दिवस कळ काढायची. पण सिग्नलला लाल दिवा होता आणि बाजूच्या स्कूटीवरच्या बाईच्या कानात टॉप्स होते. एवढ्यानं मी ठरवलं. याहून मोठं काही घडलं असं सांगायला मला आवडलं असतं.

सेंटरमध्ये जाऊन मी चित्र उघडलं. आता ती रेघ इतकी उघड दिसत होती की नव्या पोरानंही बोट ठेवलं असतं. मी उठून कामिनी मॅडमना बोलावून आणलं.

त्यांनी उभ्यानंच पाहिलं. "हे कुणाचं?"

"माझ्या बहिणीचं."

"कधीचं?"

"मागच्या मंगळवारचं. ती काल घरात पडली. आयसीयूत आहे."

"मी कुठे होते तेव्हा?"

"बाजूच्या खोलीत. चहा पीत होत्या."

मॅडम खुर्चीत बसल्या. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. "दहा पावलं, अंकुश," त्या म्हणाल्या. मग त्यांनी स्वतः सीडी काढली, रिपोर्ट लिहिला, त्यावर स्कॅन काढल्याची, आठवड्यापूर्वीची खरी तारीख आणि वेळ घातली, आणि माझ्या हातात दिली. "तुझं काय करायचं ते नंतर बघू. आधी पळ."

डॉक्टरांच्या खोलीत मी विक्कीला बोलावलं आणि पायललाही बोलवा म्हटलं. विक्कीनं तोंड वाकडं केलं, पण बोलावलं.

डॉ. चारुलतांनी सीडी लावली. "नाव 'टेस्ट दोन'. वय शून्य. हा यांचाच स्कॅन कशावरून?"

मी पडद्यावर कानांच्या जागी असलेले दोन पांढरे ठिपके आणि त्यांची चमक दाखवली. पायलनं न सांगता रुमाल सोडून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी टॉप्स पाहिले, पडद्याकडे पाहिलं, आणि चित्र हळूहळू वर सरकवत नेलं. कानांच्या वर गेल्यावर चमक संपली. रेघ संपली नाही.

"हे रक्त आहे," त्या म्हणाल्या. "पडायच्या सहा दिवस आधीचं. म्हणजे त्या घसरून पडल्या नाहीत. याचा रिपोर्ट कुणी दिला होता?"

"मी. तोंडी."

"काय दिला?"

"मानेचा गॅस."

खोलीत कोणी हसलं नाही.

"काल मी तुम्हाला विचारलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

त्यांनी फोन उचलला आणि डाय देऊन स्कॅन करायला सांगितलं, लगेच. मग माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही. विक्की मात्र माझ्याकडेच बघत होता. "मामा, मी काल हिले..." एवढंच म्हणाला आणि थांबला. पायल टॉप्स पुन्हा रुमालात बांधत होती, ती गाठ तिला जमत नव्हती.

फुगा सापडला, तुरीच्या दाण्याएवढा. त्याच दिवशी मांडीच्या शिरेतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन त्या फुग्यात तारेचं वेटोळं भरलं आणि तो बंद केला. किडनी तीन दिवस रुसली, मग सावरली. ताई वाचली. डावा हात मात्र लुळा पडला; बोटं हलतात, वस्तू धरता येत नाही. पहिलं रक्त आल्यावर काही दिवसांनी मेंदूतल्या शिरा आकसतात, त्यानं असं होतं, असं डॉक्टर म्हणाल्या. मी विचारलं, सोमवारीच कळलं असतं तर? त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही." हो म्हणाल्या असत्या तर निदान एका जागी उभं राहता आलं असतं.

सेंटरनं मला मशीनवरून काढून एक्स-रेला टाकलं. कमीच होतं ते.

ताईला वॉर्डात आणलं तेव्हा डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की तिला त्रास होईल असं काही बोलू नका. त्याचा मी पुरेपूर फायदा घेतला. तिला एवढंच कळलं होतं की अंकुशकडच्या जुन्या फोटोमुळे डॉक्टरांना खरं कारण सापडलं. मग काय, जो भेटायला येईल त्याला ती सांगायची, "माह्या भावानं पयलेच फोटो काढून ठेवला होता. त्याच्यानंच वाचली मी." सिंधूताई माझ्या पायाच पडायच्या बाकी होत्या. मी शेजारी स्टुलावर बसून ऐकायचो. असे तीन दिवस मी ऐकून घेतलं.

चौथ्या दिवशी दुपारी वॉर्डात गर्दी नव्हती. मी तिला सगळं सांगितलं. डबा थंड होत होता तिथपासून, फरशीपर्यंत, आणि पायलला जे जे ऐकून घ्यावं लागलं तिथपर्यंत. ती उजव्या हातानं डाव्या हाताची बोटं चोळत होती, ती चोळणं थांबलं नाही.

"रेघ दिसली होती तुले?"

"दिसली होती."

"खुडता खुडता माह्या हातून बी सडकी मिरची चांगल्यात जाये," ती म्हणाली. "ते जाऊ दे. पन त्या पोरीले सारे बोलून राहिले होते, तवा तू कोठी होता?"

"तेथीच होतो."

"का करून राहिला होता?"

"चहा पेलो."

तिनं मान वळवली. आता ती पूर्ण वळते. भिंतीकडे तोंड करून तिनं विचारलं, "तिची माफी मांगतली?"

मी डॉक्टरांना सांगितलं होतं, मॅडमना सांगितलं होतं, विक्कीला सांगितलं होतं, आता तिलाही सांगितलं होतं. पायलला मी काहीच म्हटलं नव्हतं. सीडी तिच्यासमोर लावली, तेवढ्यात तिलाही सांगून झालं असं मी धरून चाललो होतो.

"नाई," मी म्हणालो.

"मंग मले काहून सांगून राहिला?"

तिला फसवलं होतं म्हणून तिला सांगत होतो, असं मला वाटत होतं. खरं म्हणजे ती माफ करील हे मला माहीत होतं, म्हणून तिला सांगत होतो.

साडेचारला पायल आली. एका हातात डबा, एका हातात थर्मास. मी स्टुलावरून उठलो. ती म्हणाली, "बसा ना मामाजी."

"पायल," मी म्हणालो, "फरशी कोरडी होती. बादली बाथरूममध्येच होती. मले पयल्या दिवसापासून मालूम होतं का ताई काहून पडली, अन् मी तुह्यावर टाकलं. मले माफ कर."

बाजूच्या खाटेवरच्या बाईनं मान वर करून पाहिलं. पायलनं डबा खाली ठेवला.

"हाव," ती म्हणाली. "कोरडीच होती."

तिनं थर्मास उघडला, एक कप भरून ताईच्या उजव्या हातात दिला, तिची पकड नीट बसेपर्यंत खालून हात धरला. मग दुसरा कप भरला आणि माझ्यापुढे केला. मी घेतला. ताई भिंतीकडून वळून माझ्याकडे बघत होती. मी तो कप दोन्ही हातांत धरून तसाच उभा राहिलो, चहा निवला तरी मला पिता आला नाही.